हळबेबाईंचं जिवंत औषध

डॉ. मालतीबाई हळबे यांची आणि माझी पहिली भेट बऱ्यापैकी वादावादीची झाली. जबलपूरच्या गोरखपूर बाजारात मी फवारणीचे पंप दुरुस्त करत असे, भाड्यानेही देत असे. बाई शेतकी कॉलेजात नव्या होत्या, नेमणूक तात्पुरती. दुकानात येऊन त्यांनी माझे पंप एकेक करून उघडले, चक्क हुंगले आणि विचारलं, "ज्यात कधीच मोरचूद भरलेलं नाही, असा एखादा आहे का?"

"धुऊन देतो की. एकदम चकाचक."

"धुतलेला नको. माझं औषध जिवंत आहे. उरल्यासुरल्या मोरचुदानेही मरेल."

पंपाचा दांडा हलवला की आतलं वायसर कुठे फाटलंय ते मी ऐकून सांगतो, पण त्या दिवशी माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. किडी मारायला येणारी गिऱ्हाइकं मी ढीगभर पाहिली होती. आतली दवा मरू नये म्हणून पंप निवडणाऱ्या या पहिल्याच. मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली. आत शिजलेला भात, आणि त्यावर पिठासारखी पांढरी बुरशी.

"ही तिलवाऱ्याच्या एका शेतात मेलेल्या अळीवर सापडली," बाई म्हणाल्या. "अळीच्या अंगावर पडली की कातडीतून आत शिरते, आतून तिला खाते आणि मग पुन्हा बाहेर फुटते."

मी दोन पावलं मागे सरलो. बाईंनी मात्र ती बाटली घरच्या मुरांब्यासारखी सांभाळून धरली होती. मी कोरा पंप काढून दिला.

हरभऱ्यावरच्या घाटेअळीला ही बुरशी आवरते असं शेतात दिसलं, तर बाईंची नोकरी कायम होणार होती. नाहीतर हंगाम संपताच घरी. पण तो हिवाळा एकाहत्तरच्या लढाईचा. दारूगोळ्याचे कारखाने तिन्ही पाळ्या चालत, खिडक्यांना काळे कागद, आणि दुश्मन गावात रोगराई पेरून राहिला आहे अशी अफवा ज्याच्या-त्याच्या तोंडी. त्यात ही बुरशी उन्हात टिकत नाही. दव पडायला लागलं की फवारायची. म्हणजे ऐन ब्लॅकआउटमध्ये, तिन्हीसांजेला, तोंडाला फडकं बांधलेली एक बाई पाठीवर पंप घेऊन तिलवाऱ्याच्या पटेलांच्या शेतात पांढरं पाणी उडवते आहे. मी पंपाला हवा भरायला सोबत होतो. अर्धं शेत झालं असेल-नसेल, शेजारपाजारचे काठ्या घेऊन धावले आणि आमची वरात चौकीत गेली.

दरोगा माणूस सरळ होता. "मैडम, इससे आदमी को कुछ होता है?"

"छूने से तो आज तक कुछ नहीं देखा. सूखा चूरा नाक में जाए तो खाँसी आती है."

"इसीलिए मुँह बाँधा है?"

"जी."

"चलो, इतना लिख दीजिए कि किसी को कुछ नहीं होगा. बात यहीं खतम."

मला हायसं वाटलं. सुटकेचं दार त्यानेच उघडून दिलं होतं. बाई म्हणाल्या, "वो मैंने जाँचा नहीं है. नहीं लिख सकती."

मी गारच पडलो. हळूच म्हणालो, "बाई, काहून अडून बसल्या? हो म्हणा आणि घरी चला."

"तुम्ही पंपाची गॅरंटी देता तशी देऊ?"

"माझे पंप चालतात."

"हो, दुकानापासून घरापर्यंत."

चौकीत बसून ही बाई मला टोमणा मारते आहे!

सगळा साठा नष्ट करा, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी शिपाई फिनाईल घेऊन कॉलेजात आले. "फिनाईलने नीट मरणार नाही, उगाच नालीत वाहत जाईल," म्हणत बाईंनी स्वतःच्या हाताने एकेक बाटली वाफेच्या भांड्यात लावली आणि झाकण आवळलं. वाफ सुटल्याचा आवाज मी ऐकत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी नाही, तोंडात तक्रार नाही. भांडं निवल्यावर त्या बाटल्या घासायला बसल्या.

लढाई संपली आणि एका सकाळी पटेल दुकानात हजर. "भैया, दीदी को बुलाइए. इल्लियाँ आटे में लिपटी खड़ी हैं."

स्कूटरवरून आम्ही तिलवाऱ्याला गेलो. फवारलेल्या अर्ध्या शेतात अळ्या शेंड्यांवर चढून तिथेच ताठ झाल्या होत्या, अंगभर पांढरी लव. उरलेल्या अर्ध्यात घाट्याघाट्याला भोक.

"दीदी, बाकी आधा कब करेंगी?" पटेलांनी विचारलं.

बाई केव्हाच गुडघ्यांवर बसल्या होत्या. मेलेली एकेक अळी चिमट्याने उचलून कागदाच्या पुडीत ठेवत म्हणाल्या, "पहले इन्हें ले जाने दीजिए, पटेलजी. अब बीज यही है."

पुन्हा फवारायला दरोग्याचा कागद हवा होता. त्याने काही न विचारता सही केली. मला राहवेना. "साहब, आज नहीं पूछेंगे आदमी को क्या होता है?"

"उस दिन इन्होंने ना कह दिया था," तो म्हणाला. "कुछ होता होगा तो ये खुद आकर बता देंगी."

बाईंची नोकरी कायम झाली. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही बुरशी गावोगाव नेली, ते या गौरवग्रंथात इतर जाणकार लिहितीलच. मला आठवतात त्या त्यांच्या हातच्या मुखपट्ट्या. फवारणाऱ्या गड्यांच्या नाकात चुरा जाऊ नये म्हणून बाई आपल्या जुन्या वॉयलच्या साड्या फाडून त्या शिवत आणि माझ्या दुकानात आणून ठेवत. पंपाबरोबर मुखपट्टी दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडायचं नाही, अशी मला ताकीद होती.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. थंडीत खोकला येतो, तरी तोही कशाने येतो याची टिपणं ठेवणं चालूच आहे. त्यांची छाती मोकळी राहो, गुडघे शेतात बसू देवोत, आणि जे जे त्यांनी अजून तपासलेलं नाही, ते सगळं तपासून व्हायला पुरेल एवढं आयुष्य त्यांना मिळो.