मागच्या दाराचे पाहुणे

दुबई-शारजातल्या निम्म्या हॉटेलांत आमचे साडू जाऊन आले होते, आणि त्यांतल्या एकाही हॉटेलात ते पाहुणे म्हणून गेले नव्हते. हॉटेलाला पुढूनही एक दार असतं, तिथे फुलं ठेवलेली असतात आणि आत शिरणाऱ्याला कुणी ‘कुठल्या कंपनीकडून आलात’ असं विचारत नाही, ही गोष्ट त्यांना फक्त ऐकून माहीत होती. एसीची आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतला धूर ओढून नेणाऱ्या पंख्यांची देखभाल करण्याची कंत्राटं ते घेत. शारजात एक गाळा, दोन पिकअप गाड्या, आठ-दहा माणसं, असा त्यांचा पसारा. त्यामुळे कुठलंही हॉटेल त्यांच्या लेखी तळघरात सुरू व्हायचं आणि गच्चीवरच्या यंत्रांपाशी संपायचं. मधले तीस-चाळीस मजले, जिथे लोक झोपतात, जेवतात आणि एकमेकांचे फोटो काढतात, ते त्यांना केवळ नळ्यांच्या नकाशावरून ठाऊक होते.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. ताई आणि ते दुबईत अल कुसैसला राहत, आम्ही अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत. मी तिथल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. आयुष्यात एकाही वर्गाला शिकवलं नाही, तरी ते मला मास्तर म्हणत. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, “पुस्तकांना नंबर घालणाऱ्या माणसाला आणखी काय म्हणायचं?” सुट्टीच्या दिवशी ते दोघं आमच्याकडे आले, की ताई सोफ्यावर बसायची आणि हे खिशातून टिश्यूचा कागद काढून आमच्या एसीच्या जाळीला लावून बघायचे. कागद चिकटला तर हवा नीट ओढली जाते आहे, पडला तर नाही. आमच्याकडे तो नेहमी पडायचा. चहा होईपर्यंत जाळी बाथरूममध्ये धुऊन झालेली असायची, आणि माझी बायको म्हणायची, “भावोजी, कुणाच्या घरी गेल्यावर आधी पाणी तरी पीत जा.” रस्त्याने जाताना एखाद्या झगमगत्या इमारतीकडे बघून आम्ही ‘वा’ म्हटलं, की ते खेदाने मान हलवत. “बाहेरून वा. आत वेळेवर फिल्टर कोण बदलतंय?” माणसांचीही पारख त्यांनी अशीच केली असावी. त्यांच्या मते जगातले बहुतेक तंटे साचलेल्या धुळीमुळे होत असत.

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली, तेव्हा टोरांटोला असलेल्या त्यांच्या मुलीने ईदच्या सुट्टीत चार दिवसांसाठी बँकॉकच्या एका चांगल्या हॉटेलात दोन खोल्या ठेवल्या. एक त्यांना, एक आम्हाला. आम्हाला का, तर बाबांवर लक्ष ठेवायला. फोनवर ती म्हणाली, “बाबा, जस्ट बी अ गेस्ट. फोर डेज. दॅट्स ऑल.” त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “म्हणजे नेमकं काय करायचं?” त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

ताईची मागणी मात्र स्पष्ट होती. ती आमच्यासमोर म्हणाली, “मला देऊळ नको, बाजार नको, हत्ती नको. चार दिवस मी गॅसपुढे उभी राहणार नाही. कुणासाठीही नाही. एवढं जमवा.”

“इन्शाल्ला,” ते म्हणाले.

“इन्शाल्ला नको. हो म्हणा.”

“हो.”

हे ‘हो’ साधं नव्हतं. याआधी ते तिला दोनदा सुट्टीवर घेऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी मोठ्या कौतुकाने स्वयंपाकघर असलेली जागा शोधली होती, आपलं जेवण मिळालं म्हणजे बरं म्हणून. ओमानमधल्या सलालाला जाऊन तिने पाच दिवस पोळ्या लाटल्या होत्या. शिवाय एरवी घरचा डबा, आणि दर शुक्रवारी कामावरच्या आठ-दहा माणसांचं जेवण. “तीस वर्षांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट आहे, मास्तर,” असं ते मला विमानात तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा हात डोक्यावरच्या हवेच्या झरोक्याशी काहीतरी करत होता.

हॉटेलाशी टॅक्सी आली तेव्हा पुढे गाड्यांची रांग होती. हे ड्रायव्हरशेजारी बसलेले. त्यांनी हाताने खुणा करून टॅक्सी एका गल्लीतून आत घ्यायला लावली, आणि ती इतक्या आत्मविश्वासाने की मलाही शंका आली नाही. आम्ही उतरलो ते माल उतरवायच्या धक्क्यावर. एकीकडे बर्फ, एकीकडे कोबीची खोकी, मधे आम्ही चौघं आणि सहा बॅगा. पहारेकऱ्याने वही पुढे केली. यांनी खिशातलं पेन काढून नाव, वेळ, बरोबरची माणसं लिहिली आणि ‘येण्याचं कारण’ या रकान्यात सवयीने ‘तपासणी’ असं इंग्रजीत लिहून सही ठोकली. आम्हा चौघांच्या गळ्यात पिवळे बिल्ले पडले. ताईने नवी मोरपिशी साडी नेसली होती, तिच्यावर तो बिल्ला विशेष उठून दिसत होता. मालाच्या लिफ्टमधून आम्ही वर आलो आणि एका न दिसणाऱ्या दारातून थेट स्वागतकक्षातल्या मुलींच्या पाठीमागे उगवलो. त्या किंचाळल्या नाहीत, हे थाई लोकांच्या सौजन्याचं मी पाहिलेलं पहिलं उदाहरण.

ताई बिल्ला काढत एवढंच म्हणाली, “तीस वर्षांनी हॉटेलात आणलंत, तेही कोबीबरोबर.”

“जवळचा रस्ता होता,” हे म्हणाले.

खोली सुंदर होती. खाली नदी, नदीवर होड्या. यांनी पडदा बाजूला न करता आधी बाथरूममध्ये जाऊन मगभर पाणी फरशीवर ओतलं आणि ते जाळीकडे वाहतंय की दाराकडे, हे उकिडवं बसून पाहिलं. मग टिश्यू. मग खाटेखाली डोकं. हॉटेलच्या छोट्या वहीत त्यांनी एकूण अकरा उणिवा लिहून काढल्या आणि उपकार केल्यासारखी ती वही उशीशी ठेवली. दारावरच्या माणसाचं आणि त्यांचं तर जमेचना. तो यांच्यासाठी दार उघडून धरायचा, हे त्याच्यासाठी उघडून धरायचे, आणि दोघं एकमेकांना वाकून ‘आधी तुम्ही’ करत उभे राहायचे. मागे लोक ताटकळत. सकाळी सफाईला येणाऱ्या बाईंना त्रास नको म्हणून ते स्वतःच अंथरूण इतकं चोख घालायचे, की पहिल्या दिवशी त्या बाई खोलीत कुणी उतरलंच नाही असं समजून निघून गेल्या. टॉवेल बदलले नाहीत म्हणून ताई चिडली. “पाहुण्यासारखं पसरून ठेवा की जरा,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी एक उशी मुद्दाम तिरकी ठेवली. दारापर्यंत गेले, आणि परत येऊन सरळ केली.

ताई मात्र रमली होती. ती सकाळी नाश्त्याला खाली यायची, खुर्चीत बसायची, आणि पुढ्यात आलेल्या प्रत्येक गोष्टीकडे ‘हे मी केलेलं नाही’ अशा समाधानाने बघत खायची. दुसऱ्या दिवशी असाच नाश्ता चालला असताना यांनी एकाएकी चमचा खाली ठेवला. कान टवकारले. “पट्टा सैल आहे,” म्हणाले.

“कुणाचा?” मी विचारलं.

“आतल्या पंख्याचा. ऐका. हूं-हूं-खट. हूं-हूं-खट.”

मला फक्त कपबश्या ऐकू येत होत्या. ताई म्हणाली, “बसा.” पण तोवर ते उठून दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या त्या दारातून आत गेले होते. पाऊण तासाने आले तेव्हा नव्या शर्टावर ग्रीसचा डाग होता आणि चेहऱ्यावर, इथे आल्यापासून पहिल्यांदाच, सुट्टीवर असल्याचा आनंद. आतल्या मुख्य आचाऱ्याशी त्यांची दोस्ती झाली होती. तो थाई, आणि यांची भाषा म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि अरबी यांची खिचडी. “मी म्हटलं, हबीबी, धिस बेल्ट खलास. टुडे नो चेंज, टुमारो नो ब्रेकफास्ट. त्याला सगळं समजलं.” समजलं असावं. कारण थोड्या वेळाने आमच्या टेबलावर फुलासारखा कापलेला आंबा आला.

दोस्ती तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी हे आमच्या खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले. टिश्यूसुद्धा काढला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“मास्तर, घोळ झाला.”

घोळ असा होता. आचाऱ्याने त्यांना चार पदार्थ चाखायला दिले. त्याची परतफेड म्हणून यांनी ताईच्या थालीपिठाचं वर्णन केलं. हातवारे करून केलं असणार, आणि फार सुंदर केलं असणार, कारण आचारी म्हणाला, उद्या तीन वाजता स्वयंपाकघर रिकामं असतं, मॅडमनी येऊन करून दाखवावं. आणि हे ‘शुअर’ म्हणाले. त्याने सगळ्या मदतनिसांनाही सांगून टाकलं होतं.

“पण भाजणी कुठून आणणार?” माझ्या बायकोने विचारलं.

ते छताकडे बघू लागले. नव्या बुटांच्या खोक्यात अर्धा किलो भाजणी होती. ताईने खाण्याचं काहीही बरोबर घ्यायचं नाही असं बजावलं होतं. “इमर्जन्सीसाठी,” ते म्हणाले.

मी सुचवलं, ताईंना बरं नाही असं सांगू. “तिच्या तब्येतीवरून खोटं बोलायचं? नको.” मग त्यांनी आशेने माझ्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “भावोजी, मी पण सुट्टीवर आहे.” ते थोडा वेळ हाताची बोटं मोजल्यासारखी चाळवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “ती ये म्हटलं तर येईल हो. तेच वाईट आहे. चिडेल, पण पदर खोचून उभी राहील. आणि मग हेही सलालासारखंच झालं.” एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते तेव्हाच.

आम्ही तिघं ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसून रंबुतान सोलत होती. यांनी सगळं सांगितलं, बुटांच्या खोक्यासकट. ताईने एक फळ तोंडात टाकलं, बी काढून ताटलीत ठेवली.

“शब्द कुणी दिला?”

“मी.”

“मग थापा.”

“मला येत नाही.”

“तीस वर्षं खाताय. मी सांगेन तसं करा.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या लखलखीत स्वयंपाकघरात ताईसाठी एक उंच स्टूल मांडलं होतं. चुलीकडे तिने पाठ केली, शब्दाप्रमाणे. तिला गॅस दिसत नव्हता आणि तिचं एकाही गोष्टीवरून लक्ष हटत नव्हतं. हे कागदी टोपी घालून उभे. भोवती आचारी आणि सहा-सात मदतनीस, एखादी शस्त्रक्रिया पाहावी तसे.

“कांदा बारीक,” ताई म्हणाली. “हा कांदा आहे की लाकूडतोड? मीठ. बस. पाणी बेताने. मळताय की सिमेंट कालवताय?”

“सिमेंटला एवढे प्रश्न नसतात,” हे पुटपुटले.

“ऐकू आलं. आता त्या केळीच्या पानावर थापा. पातळ. मधे भोक पाडा.”

पहिलं थालीपीठ तव्याला असं बसलं की आचाऱ्याला ते खरवडावं लागलं. दुसऱ्याचे तीन तुकडे झाले. तिसऱ्याच्या वेळी मात्र गंमत झाली. हे वाकले, कान तव्याजवळ नेला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. “आता,” स्वतःशीच म्हणाले, आणि उलटलं. खमंग, अख्खं, कडेने कुरकुरीत. ताईने मान न वळवताच म्हटलं, “हे जमलं.” तिलाही आवाजावरूनच कळलं असावं. आचाऱ्याने घास घेतला, दोन्ही हात जोडले, आणि ते यांच्याकडे नव्हे, स्टुलाकडे वळून जोडले. हे सगळ्यांत जास्त खूश. “बघा,” मला म्हणाले, “चुलीशी आली नाही ना ती? हो म्हटलं होतं मी.”

गेल्या उन्हाळ्यात कुठल्याशा गच्चीवर काम बघत असताना ते गेले. अल कुसैसचं घर रिकामं करायला आम्ही गेलो होतो. खोकी भरून झाली, तेव्हा ताई बसली आणि आपणहून बँकॉकबद्दल बोलू लागली. मी म्हटलं, “थालीपिठाचा दिवस मजेचा होता.”

“तो होताच,” ती म्हणाली. “पण निघायच्या दिवशी सकाळी मला नेहमीसारखी साडेपाचला जाग आली. खिडकीशी खुर्ची ओढली आणि बसले. खाली नदी. कुणाचं काही करायचं नव्हतं. असं कधी बसलेच नव्हते मी. हे झोपलेले. म्हणजे डोळे मिटून पडलेले. पण झोपेत यांचा पाय सारखा हलतो. त्या दिवशी हलत नव्हता.”

“म्हणजे जागे होते?”

“जागेच. उठले असते तर मी चहाचं विचारलं असतं, कपडे काढून ठेवले असते, सुरू झालंच असतं माझं. म्हणून हे पडून राहिले. मी वळून बघितलं की मोठमोठ्याने श्वास घ्यायचे. या माणसाला दहा मिनिटं एका जागी बसवत नसे. दीड तास पडले होते.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“कशाला? मला बसायचं होतं. सात वाजले तेव्हा मी म्हटलं, उठा आता, झालं माझं बसून. हे लगेच उठून बसले. डोळेसुद्धा चोळले नाहीत.”