वाफेचा स्वयंपाक

लंडनमधल्या एजवेअरच्या फ्लॅटमध्ये आईच्या खोलीतल्या भिंतीला काळी बुरशी धरली आणि त्याच हिवाळ्यात तिचा खोकला छातीत उतरला. फ्लॅट कमी भाड्याने घरं देणाऱ्या हाउसिंग असोसिएशनचा. बरेच फोन केल्यावर त्यांचा एक तरुण अधिकारी आला. फार सभ्य मुलगा. दाराशी बूट काढले, भिंतीचे फोटो घेतले, स्वयंपाकघरात डोकावला आणि म्हणाला की हा लाइफस्टाइलचा प्रश्न दिसतो, तुमच्या पद्धतीच्या स्वयंपाकात वाफ फार होते.

आईने विचारलं, कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त होतात का. त्याने थोडा विचार करून, कमी केलेल्या बऱ्या, असं सांगितलं.

आईने कुकरच कपाटात ठेवला. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्तीही बंद केली, उगाच शंका नको म्हणून. आम्ही चीज सँडविच आणि थंड बीन्स खात राहिलो. बुरशी खिडकीपर्यंत पोचली.

मग एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. मूळच्या जमैकाच्या, एकट्या राहणाऱ्या. आईचा खोकला ऐकून त्यांनी विचारलं, तुमच्याकडेही काळं आलंय का. त्यांना त्याच अधिकाऱ्याने सांगितलं होतं की त्या घर पुरेसं गरम ठेवत नाहीत. आमच्या खालच्या सोमाली कुटुंबाला सांगितलं होतं की घरात माणसं जास्त आहेत, श्वासातूनही ओल सुटते.

आई म्हणाली, "म्हणजे आपण श्वास घ्यायचं थांबवलं की भिंत बरी होणार."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिन्ही घरांच्या वतीने अधिकाऱ्याला फोन केला आणि पाऊस असेल त्या दिवशी या, असं बजावलं. तो आला तेव्हा त्यांनी आपली खिडकी उघडून त्याला बाहेर बघायला लावलं. छताचं पाणी वाहून नेणारा पाइप वरच फुटला होता आणि सगळं पाणी आमच्या तिन्ही मजल्यांच्या भिंतीवरून खाली येत होतं. तो बराच वेळ भिजत बघत राहिला. मग म्हणाला, "बाहेरची भिंत माझ्याकडे येत नाही."

ती ज्यांच्याकडे येत होती, त्यांनी उन्हाळ्यात पाइप बदलला आणि आतून रंग दिला. रंग चांगला आहे. आईला आता रोज इनहेलर लागतो, वरच्या बाईंना दोन. आई संध्याकाळी त्यांच्याकडे बसायला जाते. लिफ्ट बंद असली की दोघींनाही जिना झेपत नाही, म्हणून त्या फोनवर बोलतात. मध्ये एकच स्लॅब आहे.