आमच्या सभामंडपाचे खांब

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेने तिला प्रोजेक्ट दिला, दोन गावांचा वारसा. एक गाव परदेशातलं, दुसरं आपलं. परदेशी गाव पाच मिनिटांत मिळालं, कारण इथे अमिरातीत, अल ऐनमध्ये, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एक हंगेरियन बाई राहते. ती इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. एरवी लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

गावाचं नाव काढताच बाई अशी खुलली की विचारू नका. या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाईल एवढंसं ते गाव. पण तिथल्या लाकडी घंटाघराला एकही खिळा नाही, नुसती सांध्यात सांधा बसवलेली लाकडं. पुलावर एका संताचा पुतळा आहे, त्याचं तुटलेलं बोट गावाने पुन्हा बसवून घेतलं. टेकडीच्या पोटात वाइनची तळघरं आहेत, एक शाकारलेलं घर चुलीसकट जसंच्या तसं जपलंय, आणि युद्धात गेलेल्यांची नावं दगडावर कोरली आहेत. बाई दर उन्हाळ्यात सुट्टीवर जाते ती शेजाऱ्यांबरोबर त्या शाकारलेल्या घराला चुना लावायला! गावाने छापलेली माहितीची घडीपत्रिका तिने मुलीला दिली. त्यात विहिरीसुद्धा सोडलेल्या नव्हत्या.

मला आधी कौतुक वाटलं आणि मग चक्क राग आला. कसला एवढा तोरा? आमच्याकडे काय कमी आहे? माझं माहेर रत्नागिरीकडचं. ग्रामदेवतेच्या देवळाला सागवानी सभामंडप, खांबाखांबावर हत्ती, मोर आणि टोपीवाले साहेबसुद्धा कोरलेले. शिमग्यात पालखी निघेपर्यंत आम्ही पोरं त्याच खांबांना टेकून बसायचो. मी मुलीला म्हटलं, "थांब, आता बघ तू." आणि धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो देवस्थानच्या कमिटीवर आहे.

"ताई, बघ, झकास झालंय की नाही?" म्हणत त्याने फोन फिरवला. सिमेंटचे गोल खांब, त्यांना गुलाबी रंग. खाली ग्रॅनाइट, आणि भिंतीला कमरेपर्यंत टाइल्स, हुबेहूब आमच्या बाथरूममध्ये आहेत तशा!

"खांब कुठे आहेत?"

"काढले. वाळवी लागलेली."

"सगळ्यांना?"

"एका खांबाला. पण एक काढून बाकीचे ठेवणार कसे? लाकडाचा व्यापारी ट्रक घेऊन आला, सगळे घेऊन गेला."

माझं डोकंच फिरलं. ती बाई दगडाचं बोट जपते आणि आमचे लोक अख्खा सभामंडप ट्रकात घालतात! मी त्याला वाट्टेल ते बोलले. अक्कल गहाण टाकली होती का, म्हटलं. कोणाला विचारून हात लावलात, म्हटलं. मुलगी घडीपत्रिका हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

भाऊ शांतपणे म्हणाला, "कौल लावला होता ना. गुरवाने सगळ्यांसमोर लावला. देवाने उजवा दिला."

उजवा म्हणजे देवाचा होकार, आणि कोकणात देवाला विचारल्याशिवाय देवळाचं कौलही हलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला ते मुळीच पटलं नाही. "देवाला विचारलंत," मी ओरडले, "आणि आम्हाला? आम्ही इकडे आलो म्हणजे गावाला मेलो का?"

"तुम्हालाही विचारलं होतं, ताई. ग्रुपवर. दुबई, शारजा, मस्कत, सगळ्यांना. तुम्ही हो म्हणालात म्हणून तर कौल लावला."

मी फोन ठेवला आणि गावाच्या ग्रुपवर मागे मागे जात राहिले. वाढदिवस, देवांचे फोटो, आंब्याच्या पेट्यांच्या जाहिराती. मग ते सापडलं. सभामंडपाचा एकच फोटो, खांबांवर लाल रंगाने फुल्या मारलेल्या. खाली भावाने लिहिलेलं, 'हे काढून नवीन करायचं आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे.' त्याखाली अंगठ्यांची रांग, आणि त्यात माझा. अंगठ्याने भागलं नव्हतं म्हणून की काय, पुढे मी लिहिलं होतं, 'खूप छान! यल्ला, लवकर होऊ दे.' ऑफिसच्या वेळेतलं होतं, इथल्या अरबी 'चला, चला'सकट. फोटो उघडून पाहिल्याचंसुद्धा मला आठवत नाही.

खाली मान घालून बसले. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला मराठी नीट वाचता येत नाही, पण हिरव्या चौकटीतला मेसेज माझा, हे तिला कळतं.

"आई, इज दॅट द ओन्ली फोटो?"

"हो."

"देन आय विल यूज इट." तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आय विल कट युअर मेसेज, ओके?"

नको कापूस, मेसेजही राहू दे, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.