हात माझे, मार्क धाकटीचे

मी एस.वाय. पास आहे. हे वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा बोलले आहे, की मी नुसतं 'मी' म्हटलं तरी पोरं पुढचं म्हणून टाकतात. माहेर नांदगावचं. तिथल्या कॉलेजात बी.ए.ची दोन वर्षं चांगल्या मार्कांनी झाली आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना लग्न ठरलं. मुलाकडच्यांना घाई होती. बैठकीत सासऱ्यांनी चारचौघांत शब्द दिला, की पोरीला पुढं शिकवू, परीक्षा काय नाशकातूनही देईल. दिली मग! आधी थोरला पोटात, मग विहिरीचं काम, मग मुलगी, मग सासऱ्यांचं आजारपण. पुढं मी विचारायचंच सोडलं. पण ती दोन वर्षं माझी होती. तिसरं राहिलं असलं तरी ती दोन कुठं जात नाहीत, असं मी धरून चालले होते.

आमचा मळा पंचवटीच्या पलीकडे. झेंडू, शेवंती, कोथिंबीर, मेथी. माल पंचवटीच्या मार्केटला जातो. धाकटी जाऊ येईपर्यंत या घरात सगळ्यात शिकलेली मीच. बँकेचं काम आलं, शाळेत मिटिंग असली, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायचं असलं, की हाक मलाच. ती आली ती डिप्लोमा घेऊन. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर काम करायची, लग्नानंतरही करत राहिली, आणि तिला कुणी अडवलं नाही. मी पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या कानावर घातलं होतं, की डिप्लोमा म्हणजे काही डिग्री नव्हे.

हे तिनंही ऐकलं असणार. कारण दोन वर्षांपूर्वी एके दिवशी जेवताना ती म्हणाली, कंपनीत वरची जागा निघणार आहे, पण डिग्री पाहिजे म्हणतात, तर मी ऑनलाइन करून टाकते. करून टाकते! धुणं टाकते म्हणावं तसं. मी म्हटलं, अगं तीन वर्षं लागतात. तर म्हणे, नाही ताई, माझा डिप्लोमा धरतात. जे शिकलोय त्याचे क्रेडिट मिळतात, ते आपल्या नावावर जमा असतात, ते इकडं वळवायचे. वर मोबाईलवरचे काही छोटे कोर्स केले तर त्याचेही धरतात. राहिलेले विषय तेवढे द्यायचे. फीसुद्धा फार नाही. दीर म्हणाले, माझ्या मोबाईलपेक्षा तुझी डिग्री स्वस्त. सगळे हसले. माझा घास तोंडातच फिरत राहिला.

तिचं शिक्षण लग्नाआधीचं, माझंही लग्नाआधीचं. तिचं जमा धरतात, मग माझी दोन वर्षं कुणाच्या खात्यात पडली आहेत? हा प्रश्न त्याच जेवणात माझ्या ओठावर आला होता. पण विचारायचं म्हणजे तिच्यापुढं वाकायचं. आणि खरं सांगू का, मला वाटत होतं तिनं आपणहून सांगावं. मी एस.वाय. पास आहे हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं, तिला नव्हतं होय? तरी ती एक अक्षर बोलली नाही. म्हटलं, असू दे. हिला भीती वाटते, जाऊबाई बरोबरीला येईल याची. मी ते मनात धरून बसले.

मग सुरू झाला माझा जळफळाट. ती बसमध्ये कानात वायर घालून लेक्चर ऐकायची. भाजी निवडताना ऐकायची. मी कॉलेजात पहिल्या बाकावर बसून हाताला घट्टे पडेपर्यंत उतरवून घेतलं होतं, आणि ही वांगी चिरता चिरता शिकत होती. अधूनमधून सांगायची, एक विषय सुटला, आणखी एक सुटला. सासूबाई कौतुकानं शेजारी सांगत सुटायच्या, "लय हुशार हाय बाई आमची धाकली." या सासूबाईंना माझ्या मार्कशीटचा रंगसुद्धा माहीत नाही. मालकांनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, पोटात दुखतंय का, ओवा देऊ? मी त्या दिवशी त्यांना वरण वाढलं नाही.

कळस झाला तो कोर्समुळे. तिला काही क्रेडिट कमी पडत होते. तिनं यादीतून काय शोधावं? भाजीपाल्याची हाताळणी आणि पॅकिंग. मी म्हटलं, याचीही परीक्षा असते? असते म्हणे, आणि व्हिडिओ करून पाठवायचा असतो, माल निवडण्यापासून बांधण्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी आली मोबाईल घेऊन. ताई, तुम्ही जुड्या बांधा, मी मागून बोलते. माझ्या हाताला काही ते जमत नाही.

आता खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी हातातल्या बांगड्या सारख्या केल्या आणि बसले. कोथिंबिरीची पिवळी पानं काढायची, माती झटकायची, मुळं एका पातळीत आणायची आणि जुडी अशी बांधायची की उचलली तर सुटत नाही आणि आवळून पाला काळा पडत नाही. माझे हात चालले होते आणि मागून ही शुद्ध भाषेत बोलत होती, पुस्तकातलं. काही दिवसांनी हसत आली, भरपूर मार्क पडले म्हणाली, आणि व्हिडिओ दाखवला. त्यात माझं तोंड कुठं नव्हतं. नुसते हात, आणि खाली पट्टी: कुशल कामगार.

कामगार! घरची थोरली सून मी, या मळ्यात राबायला लागले तेव्हा ही पोरगी शाळेत रिबिनी बांधून जात असेल. ती घाईघाईनं सांगायला लागली, की ताई, तिथं तसंच लिहायचं असतं, घरच्या माणसाचा रकाना नसतो. मी म्हटलं, छान आहे, आणि आत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतकी वर्षं जुड्या बांधतेय, मला कुणी क्रेडिट दिलं नाही, आणि हिला माझ्या हातांचे मार्क. त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. चहा घे. दूध उतू जातंय. एवढंच.

शेवटची परीक्षा आली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. झेंडू उत्पादकाच्या घरी दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस कसे असतात ते सांगायला नको. अंगणात फुलांचे ढीग, टेम्पो उभा, तोडणीच्या बायका, आरडाओरडा. आणि हिची परीक्षा घरात बसून, लॅपटॉपवर. कॅमेऱ्यातून कुठूनतरी कुणीतरी लक्ष ठेवणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं, आवाज आला, की परीक्षा रद्द. नेट नीट चालतं ते फक्त माझ्या खोलीत. म्हणजे परीक्षाही माझ्याच खोलीत. तिथल्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा तिनं उतरवून ठेवला. त्या दाराला आतून कडी नाही, मोडून वर्ष झालं. तेव्हा कुणीतरी बाहेर बसायला हवं होतं.

कुणी बसायचं? कामगारानं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अवघडली होती. म्हणाली, "ताई, तुमच्याशिवाय कुणी ऐकायचं नाही या घरात." हे मात्र खरं होतं. सासूबाईंनी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली, ती आत गेली आणि मी दाराला पाठ लावून पाट घेऊन बसले. समोर झेंडूची पाटी ओढली आणि बोंडं तुटलेली फुलं बाजूला काढत राहिले.

बरं चाललं होतं. तोडणीच्या बायकांना मी डोळ्यांनीच गप्प केलं, टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवलास तर माल देणार नाही म्हटलं. आणि मग सासूबाई आल्या. त्यांचा चष्मा माझ्या खिडकीत राहिला होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना वजनकाट्यावरचा आकडा दिसत नाही. मी ओठांवर बोट ठेवलं. त्या थांबणाऱ्यातल्या नाहीत. "एवढं काय, हात घालून घेते की," म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

मी तेव्हा बाजूला सरकले असते तर कुणी मला काही म्हटलं नसतं. सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत हे जगजाहीर आहे. दार उघडलं असतं, कॅमेऱ्यात त्या दिसल्या असत्या, संपलं. पुढची परीक्षा येईपर्यंत कंपनीतली ती जागा दुसऱ्या कुणी घेतली असती. मी नुसता पाट सरकवायचा होता. मला ते करावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

पण माझं कॉलेज आठवलं. ज्या दिवशी तिथं माझा पहिला पेपर होता, त्या दिवशी माझ्या अंगाला हळद लावत होते. बाहेर मांडवात वाजंत्री आणि मी मनात घड्याळ बघतेय, की आता पेपर वाटला असेल, आता पहिला प्रश्न लिहून झाला असेल. परीक्षेला बसलेल्या बाईला उठवतात तेव्हा काय होतं ते मला माहीत होतं. मी सासूबाईंचा हात धरला. घट्ट धरला, जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, काटा मी वाचते, तुम्ही इथं बसा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि पाटावर बसल्या. मग दारावर पहारा त्यांचा, आणि मी अंगणातून काट्याचे आकडे खुणेनं सांगत राहिले. धाकटी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामानं भिजला होता. पेपर चांगला गेला म्हणाली. मी म्हटलं, चष्मा दे आधी खिडकीतला.

ती पास झाली. माझ्या हिशेबानं तीन वर्षांची डिग्री दोन वर्षांच्या आत. कंपनीतली जागाही मिळाली. पेढे वाटले, दीरांनी स्टेटसला फोटो टाकला, मळ्यात येणारा प्रत्येक माणूस अभिनंदन करून गेला. मी पेढा खाल्ला. गोड लागला नाही, पण दोन खाल्ले.

आणि मग एका दुपारी आम्ही तिघी ओट्यावर होतो. मी जुड्या बांधत होते, सासूबाई त्या पाटीत रचत होत्या, धाकटी सुट्टीचा दिवस म्हणून निवडायला बसली होती. आता लपवायला तिच्याकडे काही उरलं नाही, आता तिचं कुणी काही घेत नाही, असं वाटलं आणि जिवावर आलं होतं तरी मी विचारलं, तिच्याकडे न बघता.

"माझी दोन वर्षं धरतील का गं?"

ती निवडायची थांबली.

"मी विचारलं होतं, ताई. माझा फॉर्म भरायला गेले होते तेव्हाच. माझ्याआधी तुमचं विचारलं. इतकं जुनं नाही चालत म्हणाले. क्रेडिटला मुदत असते."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही रोज सांगता एस.वाय. पास म्हणून. मी कसं सांगू, की ते आता कशातच धरत नाहीत?"

सासूबाई खाली मान घालून पाटी रचत राहिल्या. मी हातातली जुडी बांधली. बांधली ती इतकी आवळून, की पाला काळा पडला. सासूबाईंनी ती बाजूला काढून ठेवली. दोन वर्षं मी जिच्यावरून जळले ती गोष्ट आधीच संपलेली होती, आणि ते या घरात एकट्या तिला ठाऊक होतं. मी दातओठ खात होते तेव्हा ती माझी लाज झाकत होती. त्या वेळी मला तिचा कधी आला नसेल एवढा राग आला. शिकलेली, नोकरीवाली, वर मनानंही चांगली. मग मी हिचा राग धरायचा तरी कशावरून? माणसानं दुसऱ्याला थोडी तरी जागा ठेवावी की नाही?

रात्रभर रडले वगैरे काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी ते वाक्य बोलायची बंद झाले. पोरांच्याच लक्षात आलं आधी. मालकांनी ओव्याचं नाव काढलं नाही. शेवटी आठवड्यानं मीच धाकटीला म्हटलं, काढ तो लॅपटॉप. पहिल्या वर्षापासून तर पहिल्या वर्षापासून. ती माझ्याहून चार पावलं पुढं, आणि मी नुसती जुड्या बांधत बघत बसेन, हे मी मरेपर्यंत चालू देणार नव्हते. ती म्हणाली, ताई, तो पॅकिंगचा कोर्स आधी करा, ते क्रेडिट लगेच जमा होतील. तुमच्या तर हातचा मळ आहे.

याही खेपेला मोबाईल तिनंच धरला, पण हातही माझे, बोलणंही माझं. खाली पट्टीत माझं नाव होतं. तीच कोथिंबीर, त्याच बांगड्या. काल मार्क आले. पास झाले. माझ्या नावावर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी जमा झालं, आणि धाकटीनं मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. तिला पडले होते त्याहून मला कमी होते. खाली शेरा होता, की कृती उत्तम, पण बोलणं विषय सोडून जातं. मार्केटमधल्या व्यापाऱ्यांबद्दल मी थोडं बोलले होते, आणि सासूबाईंबद्दलही, पण ते सगळं जुडीवरूनच निघालं होतं.

तिचे हात नसताना तिला जास्त आणि माझे असून मला कमी. मी तिची मिठी सोडवली आणि म्हटलं, याची तक्रार कुठं करायची असते ते आधी दाखव. माझी दोन वर्षं गेली ती गेली, पण हे मार्क मी सोडायची नाही.