हळदीच्या पाटाला रंधा लावणार नाही

लाकूड वाकलं की आपल्याला आधी रंधाच का आठवतो?

कोपरच्या जनार्दनकाकांनाही तोच आठवला. मे महिन्यातल्या एका दुपारी ते आणि त्यांची बहीण हिराआत्या रिक्षातून एक पाट घेऊन ठाकुर्लीला माझ्या वर्कशॉपवर आले. मी जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती करते. काकांनी पाट जमिनीवर ठेवला आणि स्वतः बसून दाखवलं. पाट मधोमध खोलगट झाला होता. काका पाण्यावर असल्यासारखे डुलले.

“चार दिवसांनी प्राचीची हळद हाय. रंधा मार आणि सपाट करून दे.”

प्राची त्यांची मुलगी. तिच्या पणजोबांनी मोडलेल्या होडीच्या सागवानी फळीतून हा पाट केला होता. घरातली प्रत्येक मुलगी हळदीला यावरच बसली. हॉलवाल्याने सोफा देऊ केला होता. प्राचीने सरळ नाही म्हटलं.

“नाही मारणार,” मी म्हटलं. “वरच्या कडा आणि खालचं पोट तासलं तर इंचाची फळी अर्धा इंच उरेल. आत अजून ओल आहे. सुकली की पुन्हा वाकेल.”

“आमच्या गल्लीतला सुतार पाच मिनिटांत करतो म्हणाला.”

“म्हणूनच त्याच्याकडे देऊ नका. मुळात झालं काय?”

आत्या पंख्याकडे बघायला लागल्या.

“धुतला,” शेवटी त्या म्हणाल्या. “हळदीचा पाट मळका ठेवायचा काय? पाइप लावला, तारेच्या घासणीनं घासला, गच्चीवर ऊन दाखवलं.”

“पापडासारखं?”

“वाकला पण पापडासारखाच,” काका म्हणाले.

घासणीने वरचं पॉलिश गेलं होतं. खालची बाजू तर पहिल्यापासून कोरी, ती पोटभर पाणी प्यायली. उन्हात वरची बाजू सुकून आकसली, खालची फुगलेलीच राहिली. एक बाजू लहान, एक मोठी. फळी वाकणारच. वर्कशॉपमध्ये आम्ही याला ‘बेंड आला’ म्हणतो.

उपाय साधा आहे. खोलगट बाजूवर ओलं गोणपाट घालायचं आणि दुसऱ्या बाजूला वारा लागू द्यायचा.

“पाण्यानं बिघडला आन् तू परत पाणीच पाजतेस?” काकांनी विचारलं.

“या वेळी वरून.”

पाट रात्रीचा घराबाहेर ठेवायला आत्या तयार नव्हत्या. मी गोणपाट दिलं, ओलसर ठेवा, भिजवू नका असं तीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. “पोरी, पाट आता उलटा रुसला.”

लवकर सरळ व्हावा म्हणून आत्यांनी संध्याकाळभर तांब्याने पाणी ओतलं होतं. मी कोपरला गेले, गोणपाट काढलं, पाट पालथा करून दोन काठ्यांवर सावलीत ठेवला. आता खोलगट झालेल्या खालच्या बाजूवर नुसतं दमट फडकं.

“आत्या, तांब्याला हात लावायचा नाही,” प्राचीने सांगितलं आणि पाटाशेजारी खुर्ची टाकून मोबाइल बघत बसली. लग्नाच्या घरात नवरीला नेमून दिलेलं हे एकमेव काम.

तिसऱ्या दिवशी पट्टी लावून पाहिली. फळी सरळ होती. खाली दोन आडव्या लाकडी पट्ट्या बसवल्या, पण स्क्रूची भोकं लांबट ठेवली. पावसाळ्यात लाकूड फुगतं. त्याला सरकायला जागा नाही दिली तर ते तडकतं.

हळदीला काकांनी आधी स्वतः बसून पाहिलं. पाट हलला नाही. मग प्राची बसली. पहिली हळद आत्यांनीच हात भरून लावली, तीही प्राचीच्या गालापेक्षा पाटालाच जास्त.

लग्न झाल्यावर मी पाटाला जवसाचं तेल दिलं, दोन्ही बाजूंना सारखं. हळदीचे डाग तसेच ठेवले.

पाहुण्यांना दिसतं तेवढंच पॉलिश करायची आपली सवय मला मान्य नाही. लाकूड पाहुणे बघत नाही, ते दोन्ही बाजूंनी हवा आणि ओल घेतं. म्हणून या रविवारी एक करा. घरात सागवानी टेबल, पाट, चौरंग जे असेल ते पालथं घाला, खालून हात फिरवा. खरखरीत लागलं तर फडक्यावर जवसाचं तेल घ्या आणि खालूनच सुरुवात करा.