दादाचा अल्बम आणि माझं मत

तो अल्बम मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात या एका विषयावरून जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नातल्या मानपानावरूनही झाली नाहीत. चार केसाळ इंग्रज तरुणांचा तो बँड. आम्ही शाळेत होतो तेव्हा तिकडे विलायतेत त्यांचा हा अल्बम निघाला आणि गाजला. नाशकात आमच्या घरी तो पोचेपर्यंत दादा, माझा थोरला भाऊ, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला लागलाही होता.

पोचला तोही कॅसेटवर. दादाचा एक मित्र देवळाली कॅम्पात राहायचा. त्याचे वडील फौजेत होते आणि त्यांना कुणीतरी दिलेली त्या अल्बमची रेकॉर्ड घरी पडून होती. मित्राने ती कॅसेटवर उतरवून दिली. मग दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत तिघांची बैठक भरायची. दादा, हा कॅम्पातला मित्र आणि कारखान्यातलाच एक निफाडचा सोबती. कॅसेट संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा दादाचा नियम. संपली की एकेकाने मत द्यायचं. कॅसेट तीच, मत मात्र दर रविवारी नवं. निफाडकराला इंग्रजीचा गंध नव्हता. तो एकदा म्हणाला, "लय रडतो गड्या हा. पण आपल्यासाठी रडतोय असं वाटतं." दादाने हे मत पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

मला कुणी विचारायचं नाही, म्हणून मी न विचारताच मत द्यायची. मी तेव्हा गाणं शिकत होते, पुढे शाळेत गाण्याची बाई झाले. जिभेला धार होतीच. त्या अल्बममध्ये पहिला शब्द यायच्या आधी गिटार आणि ऑर्गनचं इतकं चालायचं की तोवर इकडे चहा उकळून, गाळून व्हायचा. मी म्हणायची, "यात गाणं कमी आणि तयारीच जास्त." दादा उसळायचा. मला घाई फार, असं त्याचं म्हणणं. ते लोक वाट बघायला लावतात, आणि वाट बघताना माणसाच्या आत काय होतं ते ऐकायचं असतं. मी कसली ऐकते.

शेवटचं गाणं तर अर्ध्या शब्दात तुटायचं. गायक सूर चढवत न्यायचा आणि एकदम शांतता. त्या शांततेवर दादा तासभर बोलू शकायचा. माणूस असाच जातो, बोलता बोलता, आणि हे त्या पोरांना विशीतच कळलं, वगैरे वगैरे. निफाडकर मान डोलवायचा. कॅम्पातला मित्र मात्र खिडकीबाहेर बघत बसायचा. खूप वर्षांनी दादाच्या मुलीने मोबाइलवर तोच अल्बम लावला, तेव्हा गाणं त्या जागी तुटलंच नाही. आरामात पुढे गेलं आणि रीतसर संपलं. मग मित्राने कबूल केलं की कॅसेट भरताना त्याचे वडील ड्युटीवरून घरी आले आणि हा काय गोंधळ लावलाय म्हणत त्यांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. मी पोट धरून हसले. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुझ्या वडिलांनी संपवलं तेच बरं होतं." हार मानणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

पुढे निफाडकर वारला. कॅम्पातला मित्र मुलाकडे पुण्याला राहायला गेला. आणि दादा घरात बसल्याबसल्याच आमच्यातून जायला लागला. आधी सिडकोतली स्वतःच्याच घराची गल्ली चुकला. मग वहिनीला आई म्हणून हाक मारू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, तरुणपणी ऐकलेलं संगीत ऐकवत जा. म्हणून मी दर रविवारी त्याच्याकडे जाऊ लागले.

मी अल्बम लावायची आणि मुद्दाम खोड काढायची. काय रे दादा, अजून यांची तयारीच चाललीय का? सुरुवातीला तो लगेच चिडायचा, माझ्या घाईवरून बोलायचा, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणायचा. वहिनी हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि दारात हसत उभी राहायची. भांडला म्हणजे ओळखलं, एवढा माझा साधा हिशेब होता. गोळ्यांवर माझा फारसा विश्वास नव्हता, या भांडणावर होता. आठवड्यातून एकदा त्याने माझ्याशी भांडावं, देवाकडे याहून जास्त काही मागत नव्हते.

मग त्याच्या चिडण्याला उशीर होऊ लागला. मी टोमणा मारायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. कधी यायचं उत्तर, कधी नाही. वाट बघताना माणसाच्या आत काय होतं, ते मला त्या खोलीत कळलं.

यंदाची संक्रांत झाली, त्यानंतरच्या रविवारी मी तिळगूळ घेऊन गेले. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि माझे आभार मानले. दादाने आयुष्यात कधी माझे आभार मानले नव्हते. मी अल्बम लावला. गिटार सुरू होऊन थोडा वेळ झाला. मी अजून काही बोलले नव्हते, तोच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय लावलंय हो हे?" तो मला म्हणाला. "गाणं कमी आणि तयारीच जास्त."

माझं वाक्य. शब्द न् शब्द माझा. मला तो विसरला होता, स्वतःचं मतही विसरला होता, आणि जन्मभर ज्याची टर उडवली ते माझं मत तेवढं त्याच्याजवळ उरलं होतं. हेच ऐकायला तर मी इतकी वर्षं टपले होते. जिंकल्याचं एवढं वाईट कुणाला वाटलं नसेल.

मग मी त्याची बाजू घेतली. कुणीतरी घ्यायलाच हवी होती. त्याचेच सगळे मुद्दे मी त्याला सांगितले, निफाडकराचं मत सांगितलं, सुई उचलल्याची गोष्ट सांगितली. बोलता बोलता आवाज चढला माझा. हे तर माझं म्हणणं आहे, तू कशाला पळवतेस, असं त्याने एकदा म्हणावं म्हणून मी थांबतच नव्हते. वहिनी दारातून आत निघून गेली.

दादा शांतपणे ऐकत होता, पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्याचं ऐकावं तसा. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "तुम्हाला आवडतंय ना? मग राहू द्या. ऐकू आपण."

आणि हात मांडीवर ठेवून तो खरोखरच ऐकत बसला. मला तो अल्बम तेव्हाही आवडत नव्हता. त्याला तो आवडेनासा झाला होता. एकमेकांचं मन मोडू नये म्हणून आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत ऐकला.