खताच्या गोणीतली कबड्डी

दुष्काळात छत्री बाहेर काढायची नाही, असा आमच्याकडं दंडकच होता. छत्री दिसली की पाऊस माघारी फिरतो म्हणे. त्यामुळं त्या वर्षी कबड्डीच्या निवड सामन्यांना गुण लिहायला निघालो तेव्हा प्लास्टिक मी शर्टाच्या आत, पोटाला गुंडाळून नेलं. गावच्या शेती सोसायटीतनं आणलेल्या खताच्या गोणीचं आतलं अस्तर होतं ते. मी शाळेतला मास्तर, सुट्टीच्या दिवशी गुणलेखक. आणि स्वभाव असा की आभाळ कोरं ठणठणीत असलं तरी माझा कागद भिजणार, असंच मला वाटत राहायचं. बायको म्हणायची, "ढग आभाळात न्हाईत, तुमच्या डोक्यात हायेत."

सामने आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या आवारात होते. आसपास ऊसच नव्हता, त्यामुळं यंदा गाळप होणारच नव्हतं. धुराड्यावर कबुतरं निवांत बसलेली. जिथं उसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या तिथं फक्की टाकून आम्ही मैदान आखलं. मांडव होता, पण जाळीचा, उन्हापुरता. पावसाचा मांडव मागितला असता तर मांडववाल्यानं मलाच वेड्यात काढलं असतं.

शिरूर कासारकडची एक पोरगी खेळायला आली होती. चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपोआप मागं सरकायच्या. तिचे आईबाप दरवर्षी लांब, पाण्याच्या मुलखात ऊसतोडीला जायचे, आणि दसरा झाला की टोळी निघणार होती. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर पोरगी खेळाडूंच्या वसतिगृहात राहणार, शिकणार. नाही आलं तर हातात कोयता घेऊन उसाच्या फडात. हे तिच्या आईनंच मला सांगितलं, भाकरीचं फडकं सोडता सोडता.

"नाव आलं तर ऱ्हाईल, मास्तर. न्हाई आलं तर एकटीला कुठं ठिवू तिला?"

निवडीला बीडहून आलेले साहेब मोठे खडूस होते. आल्या आल्याच त्यांनी सगळ्यांना बजावलं, "तोंडी काही चालणार नाही. चढाईचे गुण मला कागदावर दिसले पाहिजेत. कागद नाही तर निवड नाही."

शेवटचा सामना रंगात आला आणि वारं फिरलं. धुराड्यावरची कबुतरं उडाली. आणि अहो, धो धो सुरू झाला की! परतीचा पाऊस, ज्याची आशा सगळ्यांनी केव्हाच सोडली होती.

कुणी पळालं नाही. दुष्काळात आलेल्या पावसाकडं पाठ फिरवायची नसते, तो रुसतो. एका म्हाताऱ्यानं फेटा काढून हात जोडले. पंचांनी खेळ थांबवायला शिट्टी वाजवली तर लोकच ओरडले, "चालू द्या! त्याला बी बघू द्या की!" फक्की विरघळून वाहून गेली, तेव्हा लोक उठले आणि कडेच्या रेषा होत्या तिथं ओळीनं मांड्या घालून बसले. मधल्या रेषेला कुणीतरी बैलाचा कासरा ताणून चिखलात दाबला. असं मैदान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी पोटाचं प्लास्टिक सोडायला लागलो, तसा एकच हशा झाला. "घ्या! मास्तरांनी पाऊस पोटात लपवून आणलता!"

म्हटलं, हसा लेको. पुठ्ठा, कागद आणि शिसपेन घेतली आणि डोक्यासकट त्या गोणीत शिरलो.

आत वेगळंच जग होतं. सगळीकडं दुधी उजेड. वर थेंबांचा ताशा चाललेला. बाहेरच्या पोरी नुसत्या सावल्या झाल्या होत्या, कधी लांब, कधी अगदी जवळ. कबड्डी-कबड्डीचा दम विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा. माझ्याच श्वासानं प्लास्टिक धुकटायचं, मी बाहीनं पुसायचो. पंच गुण ओरडायचे, मी लिहायचो. मधूनच वाटायचं, आपण झोपलोय, आणि हे सगळं आपल्याला कुणीतरी झोपेत सांगतंय.

मग एक सावली गोणीजवळ येऊन गुडघ्यावर बसली. तीच पोरगी. विश्रांतीची वेळ झाली होती.

"मास्तर, कागद भिजला का?"

"न्हाई."

"त्याला जरा थांब म्हणा ना."

"कुणाला?"

तिनं मान वर केली. आणि लगेच स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं. पलीकडं तिची आई रेषेवर बसून, तोंड उघडं टाकून पाऊस पीत होती आणि हसत होती. त्या अख्ख्या मैदानावर पाऊस नको असलेले आम्ही दोघंच होतो, आणि मोठ्यानं म्हणायची आमची छाती नव्हती.

"तू खेळ बाई," मी म्हणालो. "कागद मी सांभाळतो."

ती गेली, आणि मला पावसाचा असा राग आला! गोणीतल्या गोणीतच मी त्याला म्हणालो, मेल्या, वर्षभर कुठं तोंड काळं केलतंस? आजच बरा सापडलास!

शेवटची शिट्टी झाली तसे आम्ही उसाच्या गाड्या वजन करतात त्या काटाघरात शिरलो. तिथं पत्रा होता. मी साहेबांपुढं गोणीतून कागद काढला. खडखडीत कोरडा. पोरगी बघायला वाकली, आणि तिच्या वेणीतनं टपकन एक मोठा थेंब नेमका तिच्याच नावावर पडला.

"अगं बया, गेलं!" आई किंचाळली.

साहेबांनी कागद उचलला, तिरका केला. थेंब घरंगळून खाली पडला. शिसपेनीचे आकडे जागच्या जागी होते. त्यांनी त्यावरून सावकाश बोट फिरवलं.

मग ते तिच्याकडं बघून म्हणाले, "वसतिगृहात कधी येतेस?"

आईनं पदर तोंडात कोंबला. पोरगी दारापर्यंत गेली, तिथनं बाहेर पावसात, आणि मान वर करून उभी राहिली.

"पड आता," ती म्हणाली. "लई पड. आईला बी तोडीला जायची पाळी येऊ नये इतकं पड."